मागची फळी

आबांनी फोमच्या पट्टीवर बोटाने टकटक केलं, कान लावला आणि पट्टी मांडवाबाहेर भिरकावून दिली.

"मुका आहे हा! होडी बोलली पाहिजे गो, बाय."

चाळीस वर्षं होड्या बांधताना आबांनी, माझ्या वडिलांनी, लाकूड असंच ठोकून पारखलं होतं. पण ही होडी माझी होती. शेजाऱ्यांनी सुचवलेलं मासळीच्या खोक्याचं थर्माकोल फायबर चिकटवायचं रेझिन लागताच विरघळलं. प्लायवुड जड, आणि मला होडी एकटीने वाळूवरून ओढायची होती. म्हणून फायबरच्या दोन थरांमध्ये फोमच घालणार, असं मी ठणकावून सांगितलं. आबा महिनाभर मांडवात फिरकले नाहीत.

रंग वाळला त्या सकाळी ते आले आणि पुढच्या टोकापासून ठोकत निघाले. प्रत्येक ठोका मुका. दर वेळी ते माझ्याकडे जिंकल्यासारखे बघत.

मागच्या फळीवर मात्र खणखणीत आवाज आला. त्यांनी पुन्हा ठोकलं. मग वळून मांडवाच्या कोपऱ्यात पाहिलं. त्यांच्या मोडीत निघालेल्या होडीची सागवानी फळी तिथे कित्येक वर्षं उभी असायची. आता कोपरा रिकामा होता.

"इंजिन तिथेच टांगायचंय, आबा," मी म्हणाले. "फोम दबला असता."

आबांनी तिसऱ्यांदा ठोकलं. आता ऐकायचं काही उरलं नव्हतं, तरी फळीला कान लावून ते बराच वेळ तसेच वाकून राहिले.