ठणठणीत

शिंप्याच्या पोटरीला कुत्रा चावला. "अहो, इंजेक्शन घ्या ना," बायकोने हात जोडले. "हा व्हिडिओ बघ आधी. लसीनेच माणसं दगावतात," तो म्हणाला. जखम भरल्यावर त्याने स्वतःचाच व्हिडिओ करून सगळीकडे पाठवला: 'लस न घेता ठणठणीत!'

दोन महिन्यांनी पाण्याचा पेला बघूनच तो थरथर कापू लागला. "रेबीज आहे. आता इलाज नाही," डॉक्टर म्हणाले.

बाहेर बाकावर बसलेल्या बायकोच्या हातातला त्याचा फोन वाजला. मेसेज होता: 'दादा, तुमचा व्हिडिओ बघून आम्हीही मुलीला लस दिली नाही.'

तिने घाईघाईने तो नंबर लावला.

"हॅलो, आई अंघोळीला गेलीय," चिमुकला आवाज आला.

"बाळा, तुला कुत्रा चावला ना गं?" तिने कसंबसं विचारलं.

"हो. पण आता अजिबात दुखत नाही."