वीसपैकी वीस

"तुमच्या वर्गात गोळ्या झाडाव्या लागतात का हो?" ओलिटाने फोनवर विचारलं.

"वीस. त्याशिवाय मी सही करत नाही," पलीकडची पिस्तूल शिकवणारी बाई ठणकावून म्हणाली. "आणि चापावर उगाच बोट दिसलं, तर सरळ घरी पाठवते."

"छान," ओलिटा म्हणाली. फोन ठेवून तिने वहीतल्या त्या नावावर फुली मारली.

समोर शेंगा सोलत बसलेली तिची धाकटी बहीण शार्लीन बघतच राहिली. "अगं, ही तर चांगली होती की! दरही बेताचा. काल तो लष्करातला म्हातारा, चार तास नुसतं पिस्तूल कमरेला कसं बांधायचं ते शिकवणारा, त्याच्यावरही फुली. तुला हवंय तरी काय?"

ओलिटाने बोट ठेवलं ते सगळ्यात खालच्या नावावर. लॉन्ड्रीच्या भिंतीवरून उतरवून आणलेली जाहिरात होती ती. 'लपवून पिस्तूल बाळगण्याचा परवाना. दीड तासात हमखास. चाळीस डॉलर. डोनट फुकट.' वर्ग घेणारा क्रेग नावाचा माणूस. जागा, नदीकाठच्या गळ-आमिषांच्या दुकानाची मागची खोली.

"बाजारात टोमॅटो चारदा दाबून बघणारी तू!" शार्लीनने शेंगा बाजूला सारल्या. "मला काय कळत नाही होय? तुला शिकायचंच नाहीये. तुला झटपट परवाना हवाय. टॉबीसाठी."

टॉबीचं नाव निघालं आणि ओलिटाने वही मिटली. गेल्या वर्षी चर्चच्या मासळी-जेवणात तिचा नवरा व्हर्लिन कागदी ताटली घेऊन रांगेत उभा होता. पुढचा टॉबी बर्फाची पेटी उचलायला वाकला. कमरेला नुसतंच खोचलेलं पिस्तूल घसरलं, ते धरायला त्याने हात मारला आणि बोट नेमकं चापावर पडलं. व्हर्लिन ताटलीसकट खाली बसला तो उठलाच नाही. पंचेचाळीस वर्षांचा संसार, तळलेल्या माशाच्या दोन तुकड्यांपायी गेला. टॉबीकडे रीतसर परवाना होता. अपघात म्हणाले आणि सहा महिन्यांत सोडला मेल्याला.

"ओलिटा, माझ्या गळ्याची शपथ. तुरुंगात मरशील गं!"

"ज्याने माझ्या व्हर्लिनला मारलं, त्याला मी सोडायची नाही," ओलिटा शांतपणे म्हणाली. "देव आडवा आला तरी नाही."

शनिवारी शार्लीन हट्टाने तिच्यासोबत गेली. खोलीत त्या दोघी धरून पाचजण होते. क्रेग ढेरपोट्या, हसरा, तोंडाने गोड. ओलिटाने माहेरचं आडनाव लिहून दिलं. त्याने अर्धा तास भिंतीवर चित्रफीत दाखवली, अर्धा तास आपल्या सासूचे विनोद सांगितले आणि उरलेला अर्धा तास डोनट खाण्यात गेला. टेबलावर एक पिस्तूल होतं, पण त्याला कोणी हात लावला नाही. ओलिटाने डोनटही घेतला नाही. ती त्याच्याकडे डोळ्याची पापणीही न लववता बघत होती.

"चला, घ्या कागद!" क्रेग पेन काढून बसला. "आजीबाई, आधी तुमचा."

"आणि गोळ्या कधी झाडायच्या?"

"अहो, चांदमारीचं मैदान दुरुस्तीला काढलंय. तुमची नजर बघूनच कळतं मला, नेम पक्का आहे. हे बघा, वीसपैकी वीस!" त्याने आकडा ठोकून दिला. मागचे दोघं हसले.

"खाली बारीक अक्षरात काय आहे हो? चष्मा घरी राहिला माझा. जरा मोठ्याने वाचता?"

"वाचतो की." क्रेगने घसा खाकरला. "या उमेदवाराने माझ्या डोळ्यांदेखत वीस गोळ्या झाडल्या. हे खोटं निघाल्यास मी शिक्षेस पात्र आहे." आणि सगळ्यांकडे बघून डोळा मारत त्याने झोकात सही केली.

ओलिटाने कागद घेतला, शाई वाळू दिली. मग तिने पिशवीत हात घातला. "ओलिटा, नको!" शार्लीन ओरडलीच.

बाहेर आला तो घड्यांनी जीर्ण झालेला दुसरा कागद. आणि पाठोपाठ चष्मा. तो तिने सावकाश नाकावर चढवला.

दोन्ही कागद तिने क्रेगपुढे शेजारी शेजारी मांडले. तेच अक्षर, तीच झोकदार सही, तेच वीसपैकी वीस. कोर्टातून मिळवलेल्या जुन्या कागदावर नाव टॉबीचं होतं. वर्गात पिस्तूल हातातसुद्धा धरलं नव्हतं, असं तो पोरगा कोर्टात रडून रडून सांगत होता. क्रेगने मात्र शपथेवर लिहून पाठवलं होतं, मी शिकवलं, तोच विसरला. एकट्या टॉबीच्या शब्दाला कोण विचारतो, असं सरकारी वकील म्हणाला होता. दुसरा साक्षीदार आणा.

क्रेगचं हसू गालातच विरलं. "कोण... कोण तुम्ही?"

"दोन कागदांवर चाळीस गोळ्या लिहिल्यास तू," ओलिटा म्हणाली. "झाडली गेली ती एकच. माझ्या व्हर्लिनच्या छातीत."