श्रीहरीजींची मंजुरी

जरीपटक्याच्या श्रीहरीजींना शुक्रवारचं पत्र आलं आणि तिकडे गोळीबार चौकात रुपराव परात्यांचा चहा कपातच निवला. त्याला कारण होतं. श्रीहरी नावाचा असा कोणी माणूस जरीपटक्यात काय, अख्ख्या नागपुरात नव्हता. श्रीहरी म्हणजे खुद्द रुपराव!

हे सोंग घ्यायची पाळी त्यांच्यावर आली ती त्यांच्याच हट्टापायी. रुपरावांचं सावजी भोजनालय. मसाला मिसळायचा तो खोलीचं दार लावून, ही त्यांच्या आजोबांपासूनची रीत. बायकोलासुद्धा आत यायची मुभा नव्हती. पोरगी उन्नती तेवढी आत असायची, कारण सगळं तिलाच शिकवायचं होतं. ती शिकली आणि तिनं कळमेश्वरला कारखाना टाकला. मसाला पुड्यांत भरला, आणि पुड्याच्या मागे आत काय काय आहे ते छापलं. खसखस, दगडफूल, जवस, सगळं. कायदाच तसा आहे हो, ती परोपरीनं सांगत होती. पण ऐकतील तर ते रुपराव कसले?

"घरचं गुपित चव्हाट्यावर मांडलं तुनं! आता माझ्याशी बोलू नको."

तीही त्यांचीच पोर. नाही बोलली.

पण बापाचा जीव तो. सीताबर्डीच्या एका दुकानात त्यांना तो पुडा दिसला. 'पराते सावजी मसाला'. मागे लिहिलं होतं, तुमचा ई-मेल कळवा, दर शुक्रवारी पत्र पाठवू. रुपरावांनी घरी येऊन मोबाइलवर नवाकोरा ई-मेल काढला, खोटं नाव ठोकून दिलं आणि श्रीहरी होऊन बसले.

आणि काय पत्रं लिहायची पोरगी! मिरची यंदा कुठून आणली, कोणत्या बाईनं नवं यंत्र हाती घेतलं, दुबईला पहिला माल कसा गेला. ते दुबईचं पत्र तर रुपरावांनी वाचून वाचून पाठ केलं. शेवटी गिऱ्हाइकासाठी आपुलकीच्या दोन ओळी असायच्याच. थंडी पडली आहे, गुडघे शेकत जा. मटण जपून खा, बीपीची गोळी चुकवू नका.

"याले म्हणतात धंदा!" रुपराव मांडीवर थाप मारून स्वतःशीच म्हणायचे. "गिऱ्हाइकाले बापासारखं जपते."

एकदा श्रीहरींनी तिला कळवलं की खसखस जरा जास्त भाजली जाते. पुढच्या पुड्यात ती बरोबर उतरली. त्या दिवशी रुपराव बाजारातून असे छाती काढून चालले की भाजीवाल्यानं विचारलं, लॉटरी लागली काय. भोजनालयात कोणी विचारलं, "हा पराते मसाला तुमचाच काय गा?" तर ते ठणकावून सांगायचे, "माझा नाही. माझ्या पोरीचा!" एवढा अभिमान, पण फोन मात्र करायचे नाहीत.

तर आजचं पत्र. त्यात मिरची नव्हती की दुबई नव्हती.

'श्रीहरीजी, तुम्ही आमचं पत्र उघडलं की आजवर आम्हाला आपोआप कळत असे. केव्हा उघडलं, किती वेळा उघडलं, सगळं. यापुढे तुमच्या मंजुरीशिवाय आम्ही ते पाहणार नाही. खाली हो किंवा नाही दाबा. परवापर्यंत काहीच दाबलं नाही, तर तुम्हाला पत्रं नकोत असं समजून ती बंद करू.'

रुपरावांची कानशिलं तापली. म्हणजे पोट्टी पाहून राहिली होती! मग ते सावरले. पाहिलं असेल तर श्रीहरीला पाहिलं असेल. आपला काय संबंध?

पण दाबायचं काय? 'हो' म्हटलं तर पाळत राहणार; एखाद्या दिवशी बिंग फुटणार आणि आपली मान खाली जाणार. 'नाही' म्हटलं तर तिला वाटेल, चांगलं गिऱ्हाईक रुसलं. आणि गप्प बसलं तर पत्रच बंद. या पत्रांवाचून तिचं दुसरं काहीच आपल्याजवळ नाही, हे मनात आलं आणि त्यांनी मोबाइल पालथा ठेवला.

"अवो, चेहरा काहून उतरला?" बायकोनं, इंदुताईंनी, चुलीपुढून विचारलं.

"काही नाही. बँकेचं पत्र आहे."

"बँकवाले बरे दर शुक्रवारी लिहितेत." इंदुताईंनी भाकर उलटली. "एकडाव फोन करा की पोरीले."

"मी काहून करू? तिले बोटं नाहीत काय?"

"पोरगी बी असंच म्हणते."

रुपरावांनी पुन्हा पत्रात डोकं घातलं. तळाशी नवीनच एक चौकोन होता. 'आता पत्रातूनच आमच्याशी बोला. उत्तर लगेच मिळेल.' त्यांचा चेहरा खुलला. तिकडे कोणी तरी नोकरमाणूस बसला असेल, त्यालाच विचारू. बाकीची माणसं जे दाबतील तेच आपण दाबायचं. गर्दीत कोण कोणाला ओळखतं?

चष्मा पुसून त्यांनी एका बोटानं टाइप केलं.

'नमस्कार. मी श्रीहरी, जरीपटका. पत्र फार चांगलं राहते. मालकीणबाईले सांगा, जरीपटक्याले तिचा अभिमान आहे. एक विचारायचं होतं. बाकीचे गिऱ्हाईक काय दाबून राहिले? हो का नाही?'

मग पडद्यावर अक्षरं उमटली.

'बाकीच्यांले पत्र जातच नाही. ते सारे कवाचेच मोबाइलच्या मेसेजवर गेले. शुक्रवारचं पत्र मी फक्त तुमच्या एकट्यासाठी लिहून राहिली, बाबा.'