फोटोत माणसं नकोत

पुण्याचा फोटोग्राफर मासिकासाठी गोजरबाईच्या राहुरीजवळच्या बंगल्याचे फोटो काढायला आला, तेव्हा ती ठेवणीतलं लुगडं नेसून नवऱ्याशेजारी उभी राहिली. "वहिनी, जरा बाजूला व्हा. फोटोत माणसं नकोत, फक्त घर आणि बाग," तो म्हणाला. ती आत गेली. नवऱ्याला मात्र तिनं सकाळी शेणानं सारवलेल्या अंगणाची लाज वाटत होती. "अंगण तेवढं टाळा, सायेब. दिवाळी झाली की शहाबादी फरशी बसवतोय तिथं." फोटोग्राफर हसला आणि नेमका तिथंच गुडघ्यावर बसला. एकाहत्तरच्या दिवाळीत मासिक आलं. व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, गुलाबाचे वाफे आणि पुढं ते अंगण. "सगळं आलंय," नवरा हळहळला, "तूच तेवढी न्हाईस." "हाय की." तिनं सारवणातल्या अर्धगोल रेघांवर बोट फिरवलं. "ह्यो काय, माझा हात." नवऱ्यानं निरखून पाहिलं. "फरशी मागल्या दारी बसवू."