व्याह्यांचं नवं शीड

"शीड अर्धं उतरवा," शिडवाले म्हणाले. "आत्ताच. नंतर जमणार नाही."

बेकरीवाल्यांनी मान वर केली. मघाशी निळंशार असलेलं आभाळ एका बाजूनं करपलेल्या पावासारखं काळं होत आलं होतं. किनारा मागे पुसट दिसत होता. लाटांवर पांढरा फेस चढला होता आणि होडी कलायला लागली होती.

दोघं एकमेकांचे व्याही. बेकरीवाल्यांच्या मुलाचं शिडवाल्यांच्या मुलीशी नुकतंच लग्न झालेलं, आणि त्या आनंदात शिडवाल्यांनी व्याह्यांच्या होडीसाठी स्वतःच्या हातानं नवं शीड शिवलं होतं. ते वाऱ्यात कसं बसतं हे बघायला शिवणाऱ्यानं एकदा सोबत जावं, अशी धक्क्यावरची रीत. म्हणून आज दोघंच निघाले होते.

खरं सांगायचं तर बेकरीवाल्यांची होडी म्हणजे उतारवयातली हौस. वारा मंद असला की ती चालायची, नसला की थांबायची, एवढंच त्यांना ठाऊक. पण लग्नाच्या बोलणीत त्यांनी समुद्राच्या गप्पा भरपूर तिखटमीठ लावून हाणल्या होत्या. आता मुलीच्या बापासमोर 'मला येत नाही' म्हणायचं कोणत्या तोंडानं? त्यापेक्षा बुडालेलं बरं, असं एक क्षण त्यांना वाटलंसुद्धा. मग सुनेचा चेहरा आठवला. बाप आणि सासरा, दोघंही एकाच दिवशी?

बरं झालं, हा माणूस सोबत आहे. उभा जन्म शिडांत गेलेला.

"सुकाणू तुम्ही घेता का?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"छे छे. होडी तुमची. माझं काम शिडापुरतं." शिडवाले डोलकाठीला पाठ लावून खाली बसले होते, हात मागे नेऊन ती घट्ट धरलेली, नजर वर शिडावर. "होडीचं नाक वाऱ्याकडे न्या. शिडाचा दोर सैल सोडा. आता सुकाणू बांधून इकडे या."

बेकरीवाले रांगत आले. "जरा हात लावता?"

"मी हाललो तर होडीचा तोल जाईल."

बरोबरच होतं. बेकरीवाल्यांनी एकट्यानं शीड खाली ओढलं. त्याच्या मध्यावर ओळीनं शिवलेल्या दोऱ्या खालच्या आडव्या काठीला बांधल्या. बोटं गारठली होती, पण शिडवाले एकेक गाठ सांगत होते, शांतपणे, शिकवणीच्या मास्तरांसारखे. शीड निम्मं झालं आणि होडी खरोखरच थोडी सरळ झाली.

"वाऱ्याचा झोत आला की दोर सोडा. धरून ठेवलात तर कलंडू."

झोत आला. दोर सोडला. तरी कडेवरून पाणी आत आलं.

"व्याही, पाणी!"

"पाण्याकडे बघायचंच नाही. शीड काय म्हणतंय? ताणलेलं आहे ना? मग आपण ठीक आहोत."

काय धीराचा माणूस! बेकरीवाल्यांनी डब्यानं पाणी उपसलं. एका हातानं सुकाणू, एका हातानं डबा, आणि दोर सरळ पायाखाली दाबलेला.

"उजवीकडे काय दिसतंय?" शिडवाल्यांनी मान न वळवता विचारलं.

परीक्षा घेतायत, बेकरीवाल्यांना वाटलं. "लाट. चांगलीच मोठी."

"मग काय करणार?"

"नाक तिच्याकडे तिरकं करतो."

"करा," शिडवाले म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

होडी चढली, थरथरली आणि पलीकडे उतरली. या माणसाचा आपल्यावर एवढा विश्वास! बेकरीवाल्यांची छाती फुगली. इतक्या वादळातही फुगली.

"हे सगळं शिकलात कुठं?"

"फाटक्या शिडांनी शिकवलं. आता ऐका. किनाऱ्याकडे वळताना शिडाला पाठीमागून वारा लागू देऊ नका. काठी एकदम दुसरीकडे फिरते. शिडं तिथंच फाटतात. डोकीही."

"मग कसं वळू?"

"लांबचा वळसा. नाक वाऱ्यातून फिरवत आणा."

वळसा घेतला. काठी डोक्यावरून सावकाश गेली. नवं शीड एकदाच फडफडलं आणि भरलं. बंदराची दगडी भिंत पुढे दिसली, जवळ आली, आणि ती ओलांडल्याबरोबर पाणी एकदम गप्प झालं. बेकरीवाल्यांना हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. वाचलो! सुनेला तोंड दाखवता येणार होतं.

धक्क्यावर दोघांच्या बायका टॉवेल घेऊन उभ्या होत्या. शिडवाल्यांचे हात डोलकाठीवरून सोडवायला दोन माणसं लागली. वर येताच ते ओल्या दगडांवर बसले आणि त्यांनी जमिनीवर तळवे टेकले.

"विहीणबाई," बेकरीवाले म्हणाले, "आज तुमचे हे होते म्हणून जिवंत आलो. असा मुरलेला माणूस मी पाहिला नाही!"

विहीणबाई नवऱ्याचं डोकं पुसता पुसता थांबल्या.

"हे? अहो, शीड बघायला नेहमी माझे धाकटे दीर जातात. यांनी उभ्या जन्मात होडीत पाय ठेवला नव्हता, पाणी बघूनच घाबरतात. मी सकाळी किती अडवलं! तर मलाच म्हणाले, 'आपल्या व्याह्यांनी एवढी वादळं पचवलीत, त्यांच्यासोबत कसली भीती?'"