मोनाली रुजू झाली

मिहान उद्योगक्षेत्रातल्या मोठ्या कंपनीत अर्ज केल्यापासून मोनाली दर सोमवारी चौकशीचा फोन करायची. फोनआधी आई तळहातावर दहीसाखर ठेवायची. आजही ठेवली.

मोनालीच्या अर्जाचं काय झालं, असं विचारताच फोनवरची बाई हसली. “मोनाली मॅडम तर सकाळीच रुजू झाल्या. आपण कोण?”

“मीच मोनाली. म्हंजे मले घेतलं?” ती आनंदानं खुर्चीतून उठलीच. फोन कट झाला होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरात आईचा मोबाइल वाजला.

“लागली काय वं नोकरी, मोनाली?” आई हर्षानं फोनवर विचारत होती.

“आई, मी इथंच आहो.”

मोबाइल कानाला लावूनच आई खोलीत आली. मोनालीच्या अगदी समोर उभी राहिली.

“रिकाम्या खोलीत पंखा काहून चालू ठेवून गेली वं?” ती फोनवर लाडानं रागावली आणि तिनं बटण बंद केलं.