कढीपत्त्यावरचा सुरवंट

पडद्यावर कढीपत्त्याच्या पानावरचा हिरवा सुरवंट आला आणि प्रभुदेसाईंनी लेझरचा लाल ठिपका थेट त्याच्या डोक्यावर रोखला. “फोकस पाठीवर गेलाय, तोंड धूसर. आणि मागे ही निळी रेघ? कपडे वाळत घालायची दोरी!”

हशा पिकला. फोटोग्राफी क्लबमध्ये सभासदांचे फोटो नावं झाकूनच दाखवत, त्यामुळे प्रभुदेसाई कुणाची भीड ठेवत नसत.

“जरा खाली वाकून काढला असता, तर दोरी आलीच नसती. पाठवण्याआधी घरात कुणाला तरी दाखवायचा!”

“दाखवला होता की.” मागच्या रांगेतून त्यांची बायको उठली. ती आज आपल्याला सोबत म्हणून आलीय, असंच ते समजत होते. “सकाळी तुम्हालाच. लॅपटॉपमधून मान वर न करता ‘छान आहे’ म्हणालात, म्हणून पाठवला.”

लाल ठिपका दोरीवर सरकला. दिवाळीच्या साफसफाईत त्यांनीच ती बाल्कनीत बांधली होती.

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं पर्समधून पेन काढलं.

“खाली वाकून म्हणजे नेमकं कुठून? पुन्हा सांगा ना, लिहून घेते.”

प्रभुदेसाईंची मान आताही वर झाली नाही.